निकाल मान्य, निकाल अमान्य : गांबियातले सात दिवस

२ डिसेंबर २०१६. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या चिमुकल्या देशाच्या सरकारी वाहिनीवर राष्ट्राध्यक्ष याह्या जामे दिसतात. अंगात नेहमीचा पांढराशुभ्र पायघोळ झगा, डोक्यावर टोपी, कानाला फोन. पलीकडे अदामा बॅरो, आदल्या दिवशीच्या मतदानात त्यांना हरवलेला माणूस. जामे अभिनंदन करतात, सत्तांतराला मदत करू म्हणतात, मधूनच खळखळून हसतात. निवडणुकीत गडबडीला वावच नव्हता, देवाची मर्जीच तशी होती, आता आपल्या गावी, कनिलाईला जाऊन शेती करणार, असंही सांगून टाकतात. बावीस वर्षं मांड ठोकून बसलेला माणूस हसत हसत उठतोय हे बघून लोक रस्त्यावर नाचायला लागले.

९ डिसेंबर. तेच जामे, तीच वाहिनी. निकाल संपूर्ण अमान्य, निवडणूक पुन्हा घ्या.

खुर्चीला चिकटलेले राज्यकर्ते पराभव का मानत नाहीत, यावर बोलायला उदाहरणं ढिगानं सापडतात. पण त्यातले बहुतेक पहिल्या मिनिटापासून ‘नाही’ म्हणतात, त्यामुळे त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं याचा माग लागत नाही. इथे एकाच माणसानं आधी ‘हो’ म्हटलं आणि सात दिवसांनी ‘नाही’. स्वभाव तोच, अहंकार तोच, सत्तेची चटक तीच. मग बदललं काय, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून हे प्रकरण उलगडून बघण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

गांबिया म्हणजे त्याच नावाच्या नदीच्या दोन्ही काठांवरची चिंचोळी पट्टी. तीन बाजूंनी सेनेगल, चौथीकडे अटलांटिक. लोकसंख्या तेव्हा वीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्याहून थोडी जास्त. १९६५ साली स्वातंत्र्य मिळाल्यापासून दौदा जवारा सत्तेवर होते. २२ जुलै १९९४ रोजी लष्करातल्या काही तरुण अधिकाऱ्यांनी त्यांना रक्त न सांडता हटवलं. म्होरक्या होता २९ वर्षांचा लेफ्टनंट, याह्या जामे.

पुढे जामेंनी गणवेश उतरवून झगा चढवला आणि १९९६, २००१, २००६, २०११ अशा चार निवडणुका जिंकल्या. नावाआधी शेख, प्रोफेसर, अलहाजी, डॉक्टर अशी बिरुदं जमा झाली. २००७ मध्ये आपल्या जडीबुटीनं एड्स बरा होतो असं त्यांनी जाहीर केलं आणि रुग्णांवर प्रयोगही केले. देवाची इच्छा असेल तर अब्ज वर्षं राज्य करीन, असं ते २०११ मध्ये बीबीसीला म्हणाले होते. बाहेरच्यांना हे विनोदी वाटायचं. आतल्यांना हसणं परवडणारं नव्हतं. २००० च्या एप्रिलमध्ये आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. २००४ मध्ये संपादक डेडा हायदारा यांची गोळ्या घालून हत्या झाली. २००५ मध्ये युरोपच्या वाटेवर असलेले पन्नासहून अधिक परदेशी स्थलांतरित पकडून मारले गेले, त्यांत बहुसंख्य घानाचे. २०१२ मध्ये नऊ कैद्यांना एकदम देहदंड दिला गेला. ‘जंगलर्स’ नावाची मारेकऱ्यांची टोळी थेट अध्यक्षांच्या हुकमावर चालायची.

ही यादी पुढे लागणार आहे, कारण जामेंसाठी निवडणूक हरणं म्हणजे बंगला आणि लाल दिवा जाणं एवढंच नव्हतं. या यादीचा जाब विचारायचा हक्क दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाणार होता.

२०१६ साल त्यांच्यासाठी वाईटच उगवलं. एप्रिलमध्ये निवडणूक सुधारणांची मागणी करणारा युनायटेड डेमोक्रॅटिक पक्षाचा कार्यकर्ता सोलो सँडेंग अटकेत मारला गेला. त्याचा जाब विचारायला रस्त्यावर उतरलेले पक्षाचे ज्येष्ठ नेते उसैनू दार्बो यांना तीन वर्षांची सजा झाली. विरोधकांचं डोकंच उडवलं, असा हिशेब असावा. झालं उलटं. विरोधी पक्षांची एकी इतकी वर्षं अडायची ती नेता कोण या एकाच मुद्द्यावर. दार्बो तुरुंगात गेले आणि तो वाद जामेंनीच सोडवून दिला. ३० ऑक्टोबरला सात पक्षांच्या आघाडीनं अदामा बॅरो यांना उमेदवार केलं. जमीन-घरांचा व्यवसाय करणारा, कधीही निवडून न आलेला, तरुणपणी लंडनमधल्या एका दुकानात सुरक्षारक्षकाची नोकरी केलेला माणूस. त्याच्याविरुद्ध उकरून काढायलाही फारसं काही नव्हतं.

इथे मतदानाची पद्धत सांगायलाच हवी, कारण ती बघितल्याशिवाय २ डिसेंबरची कबुली कळत नाही. गांबियात मतपत्रिका नसते, यंत्रही नसतं. मतदाराच्या हातात एक काचेची गोटी देतात. आडोशामागे पत्र्याची पिंपं असतात, प्रत्येकावर उमेदवाराचा फोटो आणि त्याचा रंग. २०१६ मध्ये हिरवं जामेंचं, चंदेरी बॅरोंचं, जांभळं तिसरे उमेदवार मामा कांदे यांचं. हव्या त्या पिंपाच्या तोंडात गोटी सोडायची. आतल्या घंटीवर ती आपटते आणि टण्ण वाजतं. एकदा वाजलं तर ठीक. दोनदा वाजलं तर आडोशामागे कुणीतरी हातचलाखी केली. खाली पडल्यावर गोटीनं दुसरा आवाज करू नये म्हणून तळाशी वाळू नाहीतर भुसा. घंटीचा घोटाळा नको म्हणून मतदान केंद्राजवळ सायकलींना मज्जाव. मोजणीसाठी भोकं पाडलेल्या फळ्या असतात, दोनशे किंवा पाचशे भोकांच्या. गोट्या ओतायच्या, भोकं भरली की आकडा समोर. आपल्या मतदानयंत्राच्या बीपवर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांनी ही घंटी एकदा ऐकावी.

शिवाय त्या वर्षी प्रथमच मोजणी केंद्रावरच झाली. प्रत्येक केंद्राचा आकडा सगळ्या पक्षांच्या माणसांसमोर तिथेच ठरला. मतदानाच्या आदल्या रात्री सरकारनं इंटरनेट आणि परदेशी फोन बंद केले होते, पण भोकांच्या फळीला इंटरनेट लागत नाही. निवडणूक अशी की तिच्यात फेरफार करता येणार नाही, ही शेखी जामे स्वतःच वर्षानुवर्षं मिरवत होते. त्यामुळे पहिल्या दिवशी ‘नाही’ म्हणायची सोय त्यांनी स्वतःलाच ठेवली नव्हती.

आणखी एक खड्डा त्यांनी आपल्याच हातांनी खणला होता. देशाच्या १९९७ च्या राज्यघटनेत निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर दुसरी फेरी होती. जामेंच्याच राजवटीत ती काढून टाकली, कारण फुटलेल्या विरोधकांत सर्वांत जास्त मतं मिळवणं सोपं. २०१६ मध्ये विरोधक एक झाले आणि कांदे, जे पूर्वी जामेंच्याच पक्षाचे खासदार होते, ते जामेंची मतं खाऊन गेले.

नेमका पेच

गांबियात मतदान १ डिसेंबरला, तर नव्या अध्यक्षांचा शपथविधी १९ जानेवारीला. मधले जवळपास पन्नास दिवस हरलेल्या माणसाच्या हातात लष्कर, पोलीस, तिजोरी आणि दूरचित्रवाणी. जिंकलेल्याच्या हातात एक आकडा.

आणि तो आकडाही हलला. २ डिसेंबरला निवडणूक आयोगानं जाहीर केलं : बॅरो २,६३,५१५, जामे २,१२,०९९. तीन दिवसांनी आयोगानं चूक दुरुस्त केली. बासे भागातली बॅरोंची बेरीज चुकली होती. नवे आकडे : बॅरो २,२७,७०८, जामे २,०८,४८७, कांदे ८९,७६८. विजेता तोच, पण अंतर ५१ हजारांवरून १९ हजारांवर आलं. आयोगाचे अध्यक्ष अलियू मोमार न्जाय यांनी चूक लपवली नाही, हे त्यांच्या पदरात टाकायलाच हवं. पण कारण शोधत असलेल्या माणसाला ते आयतं मिळालं.

५ डिसेंबरलाच दार्बो आणि त्यांचे सहकारी जामिनावर सुटले. तुरुंगाबाहेर गर्दी, गाणी, ढोल. न्यायालयं वाऱ्याची दिशा ओळखू लागली होती. राजवाड्यातून हे दृश्य कसं दिसलं असेल?

७ डिसेंबरला ब्रिटनच्या ‘द गार्डियन’मध्ये आघाडीच्या ज्येष्ठ नेत्या फातुमाता जालो-तांबाजांग यांची मुलाखत आली. जामेंवर खटला चालेल, वर्षाच्या आत, कदाचित तीनच महिन्यांत, असं त्या सांगून बसल्या. त्यांना देश सोडू देऊ नये, असाही सूर होता. दोन दिवसांनी जामेंची कोलांटउडी.

बहुतेक लेखनात या मुलाखतीवर सगळं खापर फोडलं जातं. मला ते अर्धंच पटतं. त्याच वर्षी मे महिन्यात, शेजारच्या सेनेगलच्या राजधानीत, डाकारमध्ये, चाडचे माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे यांना विशेष न्यायालयानं जन्मठेप दिली होती. सत्ता गेल्यावर वीसहून अधिक वर्षं सेनेगलमध्ये आश्रयाला राहिलेला माणूस, तरी सुटला नाही. लायबेरियाचे चार्ल्स टेलर २००३ मध्ये नायजेरियाच्या आश्रयाच्या शब्दावर विसंबून पायउतार झाले. २००६ मध्ये नायजेरियानं त्यांना सोपवलं आणि पुढे पन्नास वर्षांची शिक्षा झाली. ऑक्टोबरमध्ये जामेंनी आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयातून बाहेर पडण्याची घोषणा केली होती, तर बॅरो पुन्हा आत जाऊ म्हणत होते. हे सगळं जामेंना मुलाखतीआधी ठाऊक होतं. मुलाखतीनं फक्त तारीख सांगितली.

आपल्याकडचं १९७७ इथे आठवतं. इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीतून पडल्या आणि त्यांनी खुर्ची सोडली. पुढे शहा आयोग बसला, ऑक्टोबरमध्ये त्यांना अटकही झाली. पण दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी सोडलं, पक्ष फुटला तरी त्या टिकून राहिल्या आणि १९८० मध्ये परत आल्या. हरूनही जगता येतं, राजकारण करता येतं, ही खात्री तिथे होती. जामेंनी स्वतः हरलेल्यांना कसं वागवलं होतं ते त्यांना पाठ होतं. तोच न्याय आपल्याला लागला तर? न्यायालय त्यांनीच पोखरलेलं, पोलीस त्यांनीच वाकवलेले. आता वाकलेली काठी दुसऱ्याच्या हातात जाणार होती.

समोरचे पर्याय

जामेंपुढे तीन वाटा होत्या. शब्द पाळून कनिलाईच्या शेतावर जायचं आणि नशिबावर सोडायचं. वाटाघाटी करून लेखी हमी घ्यायची. किंवा अडून बसायचं आणि आपली किंमत वाढते का बघायची. दुसरी वाट सर्वांत शहाणपणाची, पण तिच्यासाठी समोर कुणीतरी बसावं लागतं. २ ते ९ डिसेंबर या काळात ना आघाडीतलं, ना शेजारी देशांतलं, कुणीच बसलं नाही. सगळे उत्सवात होते.

बॅरोंकडे पर्याय कमीच. लोकांना रस्त्यावर उतरवलं तर गोळीबाराचा धोका. त्यांनी ते टाळलं, आणि माझ्या मते या सबंध प्रकरणातला त्यांचा सर्वांत चांगला निर्णय हाच. निषेध टी-शर्टांवर राहिला. ‘गांबियानं कौल दिलाय’ अशा अर्थाचे शब्द छापलेले ते शर्ट घालून लोक बाजारात हिंडत आणि अटक करून घेत.

खरी निवड करायची होती ती इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेला. नुसता निषेध, निर्बंध, मध्यस्थी की सैन्य? त्यांच्यापुढे आयव्हरी कोस्टचा धडा होता. २०१० मध्ये लॉरां बाग्बो यांनी पराभव नाकारला, महिनोन् महिने मध्यस्थ येत-जात राहिले आणि एप्रिल २०११ मध्ये त्यांना पकडेपर्यंत सुमारे ३,००० माणसं मेली. उशीर महागात पडतो हे सगळ्यांनी बघितलं होतं. शिवाय गांबिया लहान. लष्कर जेमतेम अडीच हजारांचं, आणि तीन बाजूंनी सेनेगल. १९८१ मध्येही जवारांविरुद्धचा उठाव सेनेगलच्या फौजांनीच मोडून काढला होता. शेजारच्या कासामान्स प्रांतातल्या बंडखोरांना जामे हात देतात, हा सेनेगलचा जुना संशय. म्हणजे तत्त्वही होतं आणि स्वार्थही. या दोघांची गाठ पडली की सरकारं झपाट्यानं हलतात. हाच प्रसंग एखाद्या मोठ्या, लष्करानं तगड्या देशात घडला असता तर इकोवास इतकी कडक झाली असती का? मला शंका आहे.

काय केलं गेलं

१३ डिसेंबरला चार राष्ट्राध्यक्ष गांबियाच्या राजधानीत, बांजुलला आले : लायबेरियाच्या एलन जॉन्सन सरलीफ, नायजेरियाचे मुहम्मदु बुहारी, सिएरा लिओनचे अर्नेस्ट बाय कोरोमा आणि घानाचे जॉन महामा. यातले महामा लक्षात ठेवावेत. ते स्वतः नुकतेच निवडणूक हरले होते आणि त्यांनी पराभव मान्य केला तो ९ डिसेंबरला, म्हणजे जामेंनी शब्द फिरवला त्याच दिवशी. हरलेल्या माणसाला समजवायला दुसरा हरलेला माणूस. शिवाय त्या मेळ्यात बुहारी होते, २०१५ मध्ये सत्ताधारी अध्यक्षाला हरवून आलेले. त्याच दिवशी जामेंच्या सैनिकांनी निवडणूक आयोगाचं कार्यालय ताब्यात घेतलं. पाहुण्यांना चहा देतानाच घराला कुलूप लावण्यातला हा प्रकार.

मग न्यायालयाचा खेळ. जामेंच्या पक्षानं सर्वोच्च न्यायालयात निकालाला आव्हान दिलं. वरकरणी बिनतोड कायदेशीर मार्ग. पण त्या न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती इमॅन्युएल फागबेनले, तेही मूळचे नायजेरियाचे, यांच्याशिवाय न्यायाधीशच नव्हते. जामेंनी बाकीचे केव्हाच घालवले होते आणि दीड वर्षं खंडपीठ बसलेलंच नव्हतं. नायजेरिया, सिएरा लिओनहून न्यायाधीश आणायचे तर ते मे महिन्याशिवाय मोकळे नाहीत. जामे म्हणाले, मग थांबू की मेपर्यंत. ज्या न्यायालयाची गरज कधीच पडू नये अशी व्यवस्था केली होती, त्याचीच गरज आता पडली.

१७ डिसेंबरला नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात इकोवासच्या शिखर परिषदेनं ठरवलं की निकालाची अंमलबजावणी करण्यासाठी लागेल ते करायचं. सेनेगलच्या नेतृत्वाखाली फौज तयार ठेवली जाऊ लागली. आफ्रिकी महासंघानं कळवलं की १९ जानेवारीनंतर जामेंना अध्यक्ष मानणार नाही. दुसरीकडे नायजेरियाच्या कनिष्ठ सभागृहानं त्यांना आश्रय देण्याचा ठरावही केला. टेलरची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला या देकाराचा कितपत आधार वाटला असेल, ते सांगायला नको.

जानेवारीत देश आवळला गेला. खासगी रेडिओ केंद्रं बंद. निवडणूक आयोगाचे न्जाय जिवाच्या भीतीनं सेनेगलला गेले. सुमारे ४५,००० लोकांनी सीमा ओलांडली. डोक्यावर गाद्या, काखेत पोरं, नदीच्या फेरीबोटीवर मुंगी शिरायला जागा नाही. १७ जानेवारीला आणीबाणी जाहीर झाली आणि संसदेनं जामेंची मुदत तीन महिन्यांनी वाढवली. पण त्याच आठवड्यात मंत्री एकामागून एक राजीनामे देऊ लागले आणि १८ तारखेला वीस वर्षं सोबत असलेल्या उपाध्यक्ष इसातू न्जी-सैदी यांनीही पद सोडलं. बुडत्या जहाजाचा अंदाज खलाशांना कप्तानाआधी येतो. ब्रिटिश पर्यटकांना विमानं भरभरून परत नेलं जात होतं.

बॅरो तोवर डाकारला हलवले गेले होते. १५ जानेवारीला त्यांचा आठ वर्षांचा मुलगा कुत्रा चावून गेला आणि बापाला मातीलाही येता आलं नाही. १९ तारखेला डाकारमधल्या गांबियाच्या वकिलातीतल्या एका लहानशा खोलीत त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. कायद्याच्या दृष्टीनं वकिलातीत शपथ घ्यायचा तो निर्णय मोठा चलाख होता. आता देशाचा शपथबद्ध अध्यक्ष बाहेरून मदत मागत होता, त्यामुळे येणारी फौज ‘आक्रमण’ राहिली नाही. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं एकमतानं ठराव क्रमांक २३३७ मंजूर केला. त्यात बॅरोंना मान्यता आणि इकोवासला पाठिंबा होता. बळ वापरायची उघड परवानगी मात्र नव्हती.

संध्याकाळी सेनेगलची फौज सीमा ओलांडून आत शिरली, आकाशात नायजेरियाची विमानं. सरसेनापती उस्मान बाज्जी यांची निष्ठा सहा आठवड्यांत बॅरोंकडे, मग जामेंकडे आणि पुन्हा बॅरोंकडे अशी फिरून आली होती. राजकारण्यांच्या भांडणात माझी माणसं मारून घेणार नाही, असं ते म्हणाले आणि जल्लोष करणाऱ्या गर्दीत मिसळले. झालं. बंदूक हातची गेली की हुकूमशहाकडे नुसता झगाच उरतो.

इथे पुढचा महत्त्वाचा निर्णय : फौज थांबवली गेली. जामेंना देश सोडायला दिलेली २० जानेवारीची दुपारची मुदत संध्याकाळपर्यंत वाढवली आणि गिनीचे अल्फा काँदे, मॉरिटानियाचे मोहम्मद औल्द अब्देल अझीझ यांना शेवटची बोलणी करू दिली. २१ जानेवारीच्या रात्री जामे विमानात बसले. सोबत काँदे. आधी गिनीची राजधानी कोनाक्री, मग इक्वेटोरियल गिनी. तिथे १९७९ पासून सत्तेवर असलेले तेओदोरो ओबियांग, आणि तो देश आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयाचा सदस्य नाही. टेलर आणि हाब्रे यांच्या वाटेनं न जाण्याची काळजी घेतलेली दिसते.

परिणाम

जवळजवळ रक्त न सांडता सत्तांतर झालं. २६ जानेवारीला बॅरो परतले तेव्हा विमानतळापासून शहरापर्यंतचा रस्ता माणसांनी फुलला होता.

हिशेब मात्र चुकता झाला नाही. जामे निघाले त्या दिवशी इकोवास, आफ्रिकी महासंघ आणि संयुक्त राष्ट्रं यांनी एक संयुक्त निवेदन काढलं : जामेंची प्रतिष्ठा, सुरक्षितता, हक्क जपले जातील, कायदेशीर मालमत्ता जप्त होणार नाही, त्यांना परतता येईल. नव्या सरकारनं यावर सही केल्याचं नाकारलं. म्हणजे हमी दिली तिऱ्हाइतांनी आणि पाळायची कुणी, ते कुठेच लिहिलेलं नाही. दरम्यान जामेंच्या आलिशान गाड्या मालवाहू विमानात चढवल्या गेल्या आणि शेवटच्या दोन आठवड्यांत १ कोटी १० लाख डॉलरहून जास्त रक्कम तिजोरीतून गेल्याचं बॅरोंच्या सल्लागारांनी सांगितलं. पुढच्या चौकशी आयोगानं बावीस वर्षांतली लूट काढली ती ३६ कोटी डॉलरच्या घरात. सत्य, सलोखा आणि भरपाई आयोगापुढे २०१९ पासून सुनावण्या झाल्या. जंगलर्सपैकी काहींनी कॅमेऱ्यासमोर खुनांची कबुली दिली, घराघरांत लोक ते थेट बघत होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल आला : खटला चालवा.

आणि बॅरो? तीन वर्षांत पद सोडेन, हा आघाडीचा करार होता. ते पाच वर्षं राहिले. दार्बोंशी फाटलं, आघाडी विरली, त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. अध्यक्षपदाच्या मुदतीवर मर्यादा घालणारा नव्या घटनेचा मसुदा २०२० मध्ये संसदेत पडला. २०२१ च्या निवडणुकीआधी बॅरोंच्या पक्षानं हातमिळवणी केली ती जामेंच्याच जुन्या पक्षाशी. सोलो सँडेंगच्या घरच्यांना तेव्हा काय वाटलं असेल, हे लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक माझ्या मते मुलाखतीची नाही, रिकाम्या सोडलेल्या सात दिवसांची आहे. हरलेल्याची पहिली प्रतिक्रिया मवाळ असते तेव्हाच समोर बसायचं असतं. ३ किंवा ४ डिसेंबरला शेजारी देशांतला कुणी वजनदार माणूस बांजुलला आला असता, तर २१ जानेवारीला जे निवेदन फौजेच्या सावलीत निघालं ते कदाचित आधीच निघालं असतं. कदाचित. कारण उलटाही युक्तिवाद आहे : सीमेवर फौज नसताना जामेंनी परदेशी जायला होकार दिला असता का? कनिलाईच्या शेतावर बसून त्यांनी लष्करातल्या आपल्या माणसांना हाताशी धरलं असतं, तर बॅरो सहा महिने तरी टिकले असते का? याचं ठाम उत्तर माझ्याकडे नाही. पण पहिल्या आठवड्यात बोलणी केल्यानं काही हरवत नव्हतं, हे नक्की.

मुलाखतीबद्दल : खटल्याची मागणी चुकीची नव्हती, ज्यांची माणसं मारली गेली त्यांचा तो हक्क होता. चुकली ती वेळ आणि बोलणारं तोंड. शपथविधीपर्यंत या विषयावर एकानंच बोलायचं, आणि तेही ‘कायदा त्याच्या मार्गानं जाईल’ एवढंच, असं आघाडीनं २ तारखेलाच ठरवायला हवं होतं. सात पक्षांच्या सात तोंडांना लगाम नव्हता.

आयोगानं केंद्रनिहाय आकडे पहिल्याच दिवशी छापून लावले असते, तर बेरजेची चूक लोकांनीच दोन तासांत पकडली असती आणि ५ तारखेची दुरुस्ती संशयाला खाद्य झाली नसती. गोट्या बरोबर मोजल्या गेल्या; चूक झाली ती वरच्या कागदावर.

उरलं न्यायालय. डिसेंबर २०२१ मध्ये बॅरो सुमारे ५३ टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आले. हरले होते उसैनू दार्बो, जामेंच्या तुरुंगातून सुटलेले. त्यांच्या पक्षानं निकाल नाकारला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. या वेळी न्यायाधीश हजर होते. याचिका प्रक्रियेच्या मुद्द्यावर फेटाळायला त्यांना महिनाही लागला नाही.